बाळंतविड्यातलं दुपटं: धावदोऱ्याचं की क्रोशाचं?

बाळंतविड्यातली झबली-टोपरी हल्ली फारसं कुणी घरी शिवत नाही, आणि त्यात हळहळण्यासारखं काही नाही. तीन महिन्यांत ती तोकडी होतात. हाताने करून द्यावं असं एक दुपटंच उरतं. बाळ चालायला लागलं तरी ते घरात कुठे ना कुठे लोळत असतं. मैत्रिणीला सातवा महिना लागला की प्रश्न पडतो: मलमलचं शिवून वर धावदोरा घालायचा, की क्रोशाने विणायचं? साखळी आणि खांब येतो, मशीनवर सरळ शिवण मारता येते, एवढं धरून चालतो. मी दोन्ही प्रकार करून दिले आहेत. माझा कल पुढे दिसेलच.

माप दोन्हींचं एकच धरू, तयार झाल्यावर 90 बाय 90 सेंमी. याहून लहान असलं तर सहा महिन्यांत पाय बाहेर. मोठं असलं तर गुंडाळताना कापडाचे बोळे बाळाच्या मानेशी जमतात.

क्रोशाचे गुण खरे आहेत, आधी ते. मशीन लागत नाही, कापड पसरायला जागा लागत नाही. पिशवीत गुंडा आणि सुई टाकली की लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही चार ओळी होतात. चुकलं तर उसवून पुन्हा. कातरीने चुकीचं कापलेलं कापड मात्र परत जोडता येत नाही. शिवाय पाहणाऱ्याला विणलेल्याचं अप्रूप जास्त. बारशाला दहा जणी हातात घेऊन बघतात. शिवलेल्या दुपट्याला हे भाग्य सहसा लाभत नाही.

आठ प्लायची लोकर आणि 4 मिमीची सुई घेतली तर या मापाला 400 ते 450 ग्रॅम लागते. आपण सरसकट लोकर म्हणतो, पण दुकानात बाळांसाठी म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते. पुण्या-नाशिकच्या थंडीत ती चालून जाते. मुंबईत आणि कोकणात बाळाला तीत घाम येतो, आणि घामोळ्यांचं खापर तुमच्या भेटीवर फुटतं. सुती दोरा घेतला तर घामाचा प्रश्न मिटतो, पण वजन 600 ग्रॅमच्या घरात जातं. असं दुपटं ओलं असताना दोरीवर चिमटे लावून टांगलं की पाण्याच्या भाराने लांबीला ओघळतं. दोन-तीन धुण्यांत चौकोनाचा आयत होतो. ते सपाट पसरून वाळवायला हवं, आणि फ्लॅटमध्ये सपाट पसरायला पलंगाशिवाय जागा नसते. पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीही दमट लागतं आणि कुबट वास धरतं.

विणताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिली साखळी घट्ट पडते आणि खालची कड आखडते. म्हणून फक्त साखळीसाठी 5 मिमीची सुई वापरावी, पुढे 4 वर यावं. दुसरं म्हणजे ओळीचा शेवटचा टाका सुटतो आणि दुपटं वर जाताना निमुळतं होत जातं. उठावाच्या (ओळ वळताना उंचीसाठी घातलेल्या) साखळ्या टाका म्हणून मोजायच्या की नाही हे पहिल्या ओळीतच ठरवून दोन्ही टोकांच्या टाक्यांत रंगीत दोऱ्याची खूण अडकवा. दर दहा ओळींनी टाके मोजा. पन्नासाव्या ओळीला सहा टाके कमी आहेत हे कळणं फार वाईट. विणही बुटकी घ्यावी, मुका खांब नाहीतर अर्धा खांब. पूर्ण खांबाची आणि जाळीची वीण दिसते सुरेख, पण तिच्यात बाळाची बोटं अडकतात.

इथवर सगळं सांभाळता येतं. माझं पारडं फिरलं ते टोकांमुळे.

गुंडा संपला की एक टोक, नवा सुरू झाला की दुसरं. एका रंगाचं दुपटं असेल आणि 100 ग्रॅमचे गुंडे असतील तर सुरुवात-शेवट धरून आठ-दहा टोकं. 50 ग्रॅमचे घेतले की दुप्पट. पट्टेदार करायला गेलात तर वीस पट्ट्यांची चाळीस. ग्रॅनी स्क्वेअरचे, म्हणजे सुटे विणलेले चौकोनी तुकडे जोडायचे असतील तर हिशेबच नको. ही टोकं बोथट सुईने विणीच्या आत ओवून लपवायची असतात. लपवणं कंटाळवाणं आहे, पण तक्रार ती नव्हे. ती पुन्हा बाहेर येतात, ही तक्रार आहे.

कारण साधं आहे. क्रोशाची वीण ताणली की पसरते, सोडली की आवळते. ओवलेलं टोक मात्र सरळ असतं, विणीबरोबर ताणलं जात नाही. प्रत्येक धुण्यात, प्रत्येक पिळण्यात ते अर्धा-एक मिलीमीटर आत सरकतं. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत, मर्सराइज्ड (चकाकीसाठी प्रक्रिया केलेला) सुती दोरा त्याहून गुळगुळीत, त्यामुळे धरून ठेवायला काही नाही. मग एके दिवशी पृष्ठभागावर मिशीसारखं टोक डोकावतं. बाळाच्या चिमटीला नेमकं तेच सापडतं. ओढलं की बाजूचे तीन-चार टाके मोकळे होतात आणि करंगळी जाईल एवढं भोक पडतं.

यावर इलाज आहे. टोक 20 सेंमी ठेवायचं. सुईने 4 सेंमी एका दिशेला न्यायचं, शेवटचा धागा सोडून त्याच वाटेने उलटं आणायचं, मग तिसऱ्यांदा तिरकं न्यायचं. ओवताना सुई दोऱ्याच्या पिळातून गेली, म्हणजे धागा दुभंगला, तर पकड आणखी बरी बसते. टोक कापण्याआधी वीण दोन्ही हातांनी चांगली ताणून घ्यायची, मगच कातर लावायची. थुंकी लावून दोन टोकं तळहातावर घासून एकजीव करायची युक्ती फक्त अस्सल, प्रक्रिया न केलेल्या लोकरीवर चालते. अ‍ॅक्रिलिकवर कितीही घासलं तरी हातच गरम होतात. एवढं सगळं नीट केलं की टोकं बराच काळ टिकतात. पण ‘बराच काळ’ म्हणजे किती, याची खात्री मला चाळीस टोकांबद्दल देता येत नाही.

स्वतःच्या घरात असं टोक निघालं तर आपण सुई घेऊन बसतो. भेट दिलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी असते. त्या घरात क्रोशा येणारं कुणी नसेल तर भोक बुजवणार कोण? मैत्रीण भिडेपोटी तुम्हाला सांगत नाही. साध्या सुई-दोऱ्याने भोक आवळून टाकते, तिथे गाठोडं होतं, आणि पुढे दुपटं कपाटात जातं. तुम्ही विचारलं की ‘जपून ठेवलंय’ असं उत्तर येतं. हे उत्तर मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे, एवढंच सांगतो. धावदोरा तुटला तर कुठलीही आजी, आत्या, शेजारीण, किंवा नुकताच बटण लावायला शिकलेला बापसुद्धा चार टाके घालू शकतो. घातलेले टाके बाकीच्या टाक्यांत मिसळूनही जातात.

आता शिवलेल्याकडे. दुपटं म्हणजे मुळात दुहेरी कापड. मी मध्ये तिसरा थर घालतो, जुन्या सुती साडीचा. जमल्यास ती साडी मैत्रिणीच्या आईकडून किंवा सासूकडून मागून आणावी. शेकडो धुण्यांनी आलेला मऊपणा नव्या कापडात मिळत नाही, आणि साडी कुणाची हे सांगावंही लागत नाही, घरातले ओळखतातच. घेताना साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि टाचेशी घासणारा भाग विरलेला असतो, तो सोडा. दोन अंगठ्यांनी कापड आडवं ताणल्यावर चरचर आवाज आला तर तो तुकडाही नको.

वरच्या दोन थरांसाठी 110 सेंमी पन्ह्याची मलमल 2 मीटर 10 सेंमी घ्यावी. ती रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायची. हे चुकवलंत तर पुढचं सगळं वाया. नवी मलमल पहिल्या धुण्यात आटते, आतली साडी आधीच आटून बसलेली असते. मग वरचं कापड आखडतं, आतलं तेवढंच राहतं आणि मध्ये गोळे होतात. ठशांची छापील मलमल असेल तर पांढरं ओलं फडकं घासून रंग जातो का तेही पाहा. लाल आणि निळीवर विशेष नजर ठेवा, कारण बाळ दुपट्याचा कोपरा चोखणार आहे.

तिन्ही थर 95 सेंमीचे चौकोन कापा. मलमलच्या सुलट्या बाजू समोरासमोर, त्यावर साडी, आणि कडेपासून 1 सेंमीवर मशीनची शिवण. टाक्याची लांबी अडीच मिमी, सुई 11 नंबरची. जाड सुईने मलमलला भोकं पडतात. एका बाजूला मधोमध 15 सेंमी जागा उघडी सोडायची. कोपऱ्यांवरचं जास्तीचं कापड तिरकं छाटा, पण टाक्याच्या अगदी लगत नको, 3 मिमी राहू द्या. मग दुपटं उघड्या जागेतून उलटवा, कोपरे पेन्सिलच्या मागच्या बाजूने बाहेर काढा (टोकदार बाजूने नाही, ती आरपार जाते), आणि उघडी जागा हाताने बारीक टाक्यांनी बंद करा. वेगळी मगजी लावायची गरज उरत नाही.

धावदोऱ्याआधी कच्चे टाके. मधोमध सुरू करून कडेकडे, चार-चार बोटांच्या अंतराने उभे-आडवे घालायचे. याचा कंटाळा केला की कापड सुईपुढे ढकललं जातं. आपल्याकडे गोधडी कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालत आत नेतात, त्यामुळे ढकललेलं सगळं कापड शेवटी मध्यावर फुग्यासारखं वर येतं. तो फुगा मग बसत नाही.

ओळींमध्ये दीड सेंमी अंतर ठेवलं तर या मापात साधारण 54 मीटर धावदोरा होतो. दुहेरी दोरा घेतला तर 110 ते 120 मीटर, म्हणजे 100 मीटरच्या दोन रिळा आणून ठेवा. एकाच वेळी आणा. नंतर गेल्यावर तीच छटा मिळेलच असं नाही. सुईत एका वेळी हातभरच दोरा घ्यावा, जास्त घेतला की गुंते होतात. गाठ हलक्या झटक्याने वरच्या थरातून आत ओढून घ्यायची, ती थरांमध्ये बसते. शेवटाकडे एक उलट टाका घालून दोरा थरांमधून चार बोटं पुढे नेऊन कापायचा. इथेही टोकं आहेत, हे कबूल. पण ती दोन कापडांच्या मध्ये बंदिस्त असतात. कापड विणीसारखं पसरत नाही, म्हणून त्यांना बाहेर यायला कारणही नसतं.

कोपऱ्यावर वळताना एक टाका बरोबर वळणावर पडला पाहिजे. तो पुढे-मागे झाला की प्रत्येक आतल्या चौकोनात चूक वाढत जाते आणि मध्यापर्यंत चौकोनाची रांगोळी वाकडी होते. शिंप्याच्या खडूने कर्णरेषा आखून ठेवल्या तर हे टळतं.

वेळेच्या हिशेबात मला मशीनकामाला एक दुपार आणि धावदोऱ्याला दहा-बारा तास लागतात. क्रोशाला याच मापात तीस तासांच्या खाली मी कधी आलो नाही. हात चालाख असेल तर कमी लागतील. बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी असतं आणि बाळ तारखेच्या आधीही येतं, तेव्हा आठव्या महिन्यात हात घालणाऱ्याने क्रोशाचा मोह सोडलेला बरा.

धावदोऱ्याच्या दुपट्याच्याही उणिवा आहेत. फोटोत ते साधं दिसतं. बाळाला घट्ट लपेटताना क्रोशाचं जसं अंगाबरोबर ताणतं तसं हे ताणत नाही. थरांचा लोभ केला, पाच-सहा घातले, तर तेही पावसाळ्यात क्रोशाइतकंच रेंगाळून वाळतं. तीनच ठेवले तर पंख्याखाली वाळतं. टोपरं करायचं असेल तर तिथे मात्र मी क्रोशाकडेच जाईन. ताणणारी वीण वाढत्या डोक्याला सामावून घेते, आणि एवढ्याशा वस्तूत टोकं जेमतेम दोन.

मैत्रीण अमेरिकेत असेल तर आणखी एक गोष्ट. तिथले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काहीही ठेवू नका असं सांगतात. ऐकण्यासारखा सल्ला आहे, आपल्याकडेही. म्हणजे तिकडे दुपटं पांघरायला कमी, जमिनीवर अंथरून बाळाला पालथं घालायला जास्त वापरलं जाणार. अंथरायला सपाट धावदोरा बरा. क्रोशाच्या विणीचे वळ गालावर उठतात. तीन थरांचं दुपटं बॅगेत घडी होऊन बसतं आणि वजन पाव किलोच्या आत राहतं.

क्रोशा अगदीच सोडवत नसेल तर दुपट्याच्या कडेला बारीक लेस विणा. सुई थेट मलमलमध्ये खुपसू नका, कापड फाटतं. आधी कडेने 5 मिमी अंतरावर काजटाका घाला, मग त्या टाक्यांत सुई अडकवून विणा. कमान तीन साखळ्यांपेक्षा मोठी नको, नाहीतर पुन्हा बोटं अडकण्याचा प्रश्न. गोल फिरून सुरुवातीलाच येत असल्याने दोनच टोकं उरतात, ती काजटाक्याखालून दोन थरांमध्ये सरकवून टाका.

देताना दुपट्याच्या घडीत उरलेली रीळ ठेवा, त्यात 9 नंबरची एक सुई खोचून. सुई आहे हे मात्र तोंडी सांगा, रीळ घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या.