बोट ओढायला एसयूव्ही पुरेल की यूट (पिकअप) घ्यावी?

मेलबर्नला राहून पोर्ट फिलिपच्या उपसागरात स्नॅपर मासे धरायला स्वतःची बोट घ्यायची म्हटलं, की पहिला प्रश्न गाडीचा. माझं मत आधीच सांगतो. पाच मीटरच्या ॲल्युमिनियम बोटीला ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही पुरते. तेवढ्याच लांबीची फायबरग्लासची बोट असेल, तर सरळ यूट बघा.

जाहिरातीत बहुधा नुसत्या सांगाड्याचं वजन असतं. ॲल्युमिनियमचा सांगाडा 500 किलो धरा. 90 हॉर्सपॉवरचं इंजिन साधारण 165, ट्रेलर 300, टाकीतलं 90 लिटर पेट्रोल 67. बॅटरी, नांगर, साखळी, लाइफ जॅकेट आणि बर्फाची पेटी मिळून 100 सहज होतात. म्हणजे 1132 किलो. फायबरग्लासमध्ये सांगाडा जड, म्हणून ट्रेलरही जड, आणि आकडा 1500 ला जाऊन टेकतो.

आता गाडी. 2019 साली आलेल्या पिढीची टोयोटा राव्ह-फोर हायब्रिड ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये 1500 किलोचा ब्रेकवाला ट्रेलर ओढते. तीच गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये घेतली, तर मर्यादा फक्त 480! सेकंडहँड घेताना हे आधी तपासा. टोयोटा हायलक्स किंवा फोर्ड रेंजर या यूटच्या फोर-बाय-फोर डबल कॅबला 3500 मिळतात, त्यामुळे दोन्ही बोटी तिला हलक्याच.

पण एसयूव्हीत आधी संपते ती ओढण्याची नव्हे, तर गाडीत भार घेण्याची मर्यादा. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येतो आणि तो गाडीतल्या भारात धरला जातो. समजा, गाडीची भारक्षमता 450 किलो आहे. चार मोठी माणसं 320, बॉलवर 113, म्हणजे डब्यांसाठी उरले जेमतेम 17. बॉलवरच्या भाराची स्वतंत्र मर्यादाही मॅन्युअलमध्ये बघावी लागते. भार कमी करायला सामान बोटीच्या मागच्या टोकाला सरकवू नका. बॉल हलका झाला की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि ते फार धोक्याचं आहे.

यूटवाल्यांनीही 3500 वर डोळे मिटून विसंबू नये. गाडी आणि ट्रेलर मिळून वजनाची मर्यादा, म्हणजे जीसीएम, 6000 असेल, तर पूर्ण 3500 ओढताना गाडीच्या वाट्याला 2500 येतात. रिकामी यूटच 2200 च्या आसपास भरते. त्यात पुढे बुलबार, मागच्या हौद्यावर कॅनोपी बसवली की माणसांपुरतीही जागा उरत नाही.

ब्रेकच्या बाबतीत दोघींना नियम एकच: 750 किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक हवेच. शेवाळलेल्या रॅम्पवरून बोट वर काढताना मात्र लो रेंजवाली (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची) यूट निर्विवाद सरस.

निर्णयाआधी विकणाऱ्याला टाकी भरून बोट वजनकाट्यावर आणायला सांगा, आणि तो आकडा ट्रेलरच्या प्लेटवरच्या एटीएमशी, म्हणजे भारासकट ट्रेलरच्या कमाल वजनाशी, ताडून बघा. तो तयार नसेल, तर दुसरी बोट शोधा.