भाच्यासाठी ऑनलाइन मागवलेली चन्नपट्टणची खेळणी

भाच्याचा पहिला वाढदिवस होता, जळगावच्या मार्केटमध्ये दोन दिवस फिरलो पण जिकडेतिकडे तेच प्लास्टिकचं आणि सेलवर वाजणारं, म्हणून मग ऑनलाइन शोधून कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी मागवली. एक खुळखुळा, एक रिंगा रचायचा मनोरा आणि दोरीने ओढायची गाडी.

खुळखुळा तर एकदम भारी! हे लाकूड काळ्या कुड्याचं असतं, वजनाला हलकं, आणि रंग ब्रशने नाही देत, लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून बसते आणि मग केवड्यासारख्या पानाने घासून चकाकी आणतात. भाचा दिवसभर तोंडात घालून बसला तरी रंग उतरला नाही. मनोऱ्याच्या रिंगा एकदम गुळगुळीत, कुठे लाकडाचं कुसळ टोचत नाही.

गाडीचं मात्र चाक पहिल्याच दिवशी निघालं, त्याची खुंटी एवढीशी, पोराने गिळली असती तर? तीन वर्षांखालच्या पोरांना असे सुटे होणारे तुकडे अजिबात नको. फोटो पाठवले, पैसे परत आले पण बारा दिवस लागले, वाईट वाटलं.

आणखी एक, 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून प्लास्टिकचं घेताना मार्क बघाच आणि हाताने बनवलेलं घेताना विकणाऱ्याला कारागिराबद्दल विचारा. खुळखुळा मी परत मागवणार, शेजारच्या ताईंच्या नातीसाठी.