थारला सोळाची चाकं: सडा, पाऊस आणि घाटातले नऊ महिने

रत्नागिरीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची कलमं आहेत. डांबर संपलं की बागेपर्यंत दीड किलोमीटर उघडा कातळ, मध्ये जांभ्याचे दोन टप्पे आणि एक पऱ्या (ओढा). महिंद्राची फोर-बाय-फोर थार घेतली ती याच वाटेसाठी. कंपनीचे टायर होते २५५/६५ आर १८, म्हणजे अठरा इंची रिमचे. दुसऱ्या पावसाळ्यात हायवेच्या खड्ड्यात एक रिम वाकला, आणि महिन्याभरातच जांभ्याच्या धारेने एका टायरची बगल फाडली. पंक्चरवाले काका टायर उलटासुलटा करून म्हणाले, "दादा, बगलेला पॅच नाही बसत. नवीनच घ्या."

मे अखेरीस उंच स्प्रिंग टाकून गाडी दोन इंच उचलून घेतली, म्हणजे लिफ्ट केली. गॅरेजवाला वीस इंची अलॉय दाखवत होता, कारण लिफ्टनंतर चाकाची कमान रिकामी दिसते. दिसते खरी. पण रिम वाढला की टायरची बगल आखडते, आणि कातळावर मार खाते ती बगलच. म्हणून मी उलटा गेलो: १६ इंची रिम, २६५/७५ चा एटी टायर (ऑल-टेरेन, रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी). बगल १६६ मिलिमीटरवरून १९९ वर गेली, पूर्ण व्यास ७८९ वरून ८०४ वर.

इथे लिफ्टबद्दल एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नाही. थारचा मागचा अॅक्सल सलग आहे. स्प्रिंग कितीही उंच करा, डिफरन्शिअलचा गोळा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा) चाकाच्या मध्यावरच राहतो. दोन इंचाच्या खर्चात त्याच्याखाली काहीच वाढलं नाही. टायरने वाढलं ते साडेसात मिलिमीटर. लिफ्टने पऱ्यात उतरताना पुढचा बंपर घासायचा थांबला, एवढंच. उलट हेडलाइट वर गेले आणि समोरचे शिव्या देऊ लागले. ते खाली करून घेतले, अलाइनमेंट दोनदा केली.

चिखलासाठी एमटी (मड-टेरेन टायर) घ्या, असं बरेच जण सांगत होते. शेजाऱ्याच्या गाडीला आहेत. लाल चिखलात ते माझ्यापेक्षा सरस, मान्य. पण ओल्या काँक्रीटवर त्यांचे मोठे ठोकळे घसरतात, आणि माझं निम्मं धावणं हायवेवर आणि आंबा घाटात असतं. एटीने जुलैच्या धुक्यात घाट उतरताना एकदाही दगा दिला नाही. सड्यावर टायरची हवा ३० पीएसआयवरून २२ पर्यंत उतरवतो. शेवाळलेल्या कातळावर तोच खरा फरक पडतो. परतताना कंप्रेसरने भरायची, नाहीतर डांबरावर टायर तापतो.

तोटेही आहेत. मायलेज बारावरून साडेदहावर आलं. पूर्ण वळणावर टायर मडफ्लॅपला लागायचा, तो कापला. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी साडेएक्याऐंशीने असते. आणि लिफ्ट कायद्याच्या बाजूनेही लंगडी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, विमा कंपनीशी बोला, मग गॅरेजात जा. मी हे उलट्या क्रमाने केलं.

सगळ्यात मोठा गाढवपणा स्टेपनीचा. पैसे वाचवायला चारच टायर घेतले, मागे अठराचंच चाक लटकत राहिलं. ऑगस्टमध्ये आंबा घाटाच्या पायथ्याशी मागचं चाक बसलं. व्यासात पंधरा मिलिमीटरचा फरक असलेली चाकं एकाच चालत्या अॅक्सलवर नकोत, म्हणून पुढचं चाक काढून मागे लावलं आणि स्टेपनी पुढे. भर पावसात दोनदा जॅक. मग रत्नागिरीपर्यंत टू-हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, आलो. थारला मधला डिफरन्शिअल नाही, फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकलं असतं तर ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण आला असता.

पाचवा टायर आणि रिम गेल्या आठवड्यात घेतला. मागचं दार आता उतारावर हाताने धरावं लागतं, एवढा जड आहे.