भटक्या मांजरांची नसबंदी: सांगलीतील एका खासगी दवाखान्याचा अनुभव

गणपती पेठेतील आमच्या वाड्यामागच्या बोळात गेल्या वर्षापर्यंत दोन भाट्या आणि एक बोका एवढाच संसार होता. यंदा पावसाळ्यापूर्वी मोजणी केली तेव्हा पिलांसह अकरा मांजरे भरली. यात नवल काही नाही, कारण भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. पोत्यात भरून कृष्णेपलीकडे सोडण्याचा जुना उपाय शेजाऱ्यांनी सुचवला. तो क्रूर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. खरकटे आणि उंदीर जागच्या जागी असतील तर रिकाम्या बोळात दुसरी मांजरे येऊन बसतात. पेठेतल्या दुकानदारांना उंदरांसाठी मांजर हवेच असते, नकोत ती दर हंगामाची पिले. म्हणून आम्ही नसबंदीचा मार्ग धरला.

दवाखान्याच्या शस्त्रक्रियेला मी पूर्ण गुण देईन. पिले पाजणाऱ्या भाटीवर डॉक्टरांनी पोटाखालून न कापता कुशीतून छेद घेतला, त्यामुळे दुधाने भरलेल्या सडांना धक्का लागला नाही आणि जखम आम्हाला दुरूनही पाहता आली. टाके विरघळणारे घातल्याने ते काढण्यासाठी मांजर पुन्हा पकडावे लागले नाही. भूल उतरण्यापूर्वीच रेबीजची लस टोचली आणि डाव्या कानाचे टोक सरळ कापले. हे पाहून आमच्या मातोश्री हळहळल्या, पण ही खूण नसेल तर तेच जनावर पुन्हा पकडले जाऊन त्याचे पोट विनाकारण उघडले जाण्याची भीती असते. भाटीचे शुल्क बोक्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि कामाच्या मानाने ते रास्त आहे.

तक्रार आहे ती शस्त्रक्रियेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या व्यवस्थेबद्दल. भाड्याने दिलेल्या पिंजऱ्याची कडी सैल होती, त्यामुळे सुकटीच्या वासाने आत शिरलेला बोका दार ढकलून निसटला. मांजर उपाशी आणावे लागते हे फोनवर कोणी सांगितले नाही. पहिली भाटी आमिष खाऊन आली म्हणून तिला परत पाठवले. सर्वात खटकले ते हे की संध्याकाळी दवाखाना बंद करताना दोन्ही भाट्या अर्धवट गुंगीत आमच्या हवाली करून ‘आजच सोडा’ असे सांगण्यात आले. गुंगीतल्या मांजराला अंगातली ऊब राखता येत नाही आणि कुत्र्यापुढून पळताही येत नाही. आम्ही पिंजऱ्यावर जुनी चादर टाकून त्यांना दोन रात्री न्हाणीघरात ठेवले. पाजणारीची पिले दिवसातून दोनदा तिच्याजवळ नेऊन सोडावी लागली, हा खटाटोप वेगळाच.

बोका दुसऱ्या खेपेस सापडला. त्याची रात्रीची भांडणे लगेच थांबली नाहीत. नसबंदीनंतरही संप्रेरकांचा असर काही आठवडे टिकतो, आणि बोळातला उग्र वास महिनाभराने ओसरला. आता गेल्या वर्षीच्या विणीतली एक तरुण भाटी तेवढी राहिली आहे, जी पिंजरा दिसताच पत्र्यावर चढते. पिंजऱ्याचे दार सुतळीने उघडे बांधून तिला आठवडाभर आतच जेवू घालण्याचा बेत आहे. कडी मात्र या वेळी मी लोहाराकडून बदलून घेतली आहे.