पॅटर्न छान आहे, फक्त माझ्या पायाला विचारून लिहिलेला नाही

एकच मोजा तीनदा विणला आणि दोनदा उसवला, त्यामुळे या पॅटर्नवर बोलायचा हक्क आता मला आहे असं मी धरून चालते. कुणाचा पॅटर्न ते सांगत नाही, कारण माझी मुख्य तक्रार अशाच बऱ्याच पॅटर्नना लागू पडेल आणि उगाच एकाच माणसाला धोपटण्यात अर्थ नाही. विकत घेतलेली पीडीएफ आहे, वरून खाली विणायचा मोजा, वरच्या बाजूला जाळीची पानं, टाचेला मागे पट्टी आणि बाजूला गसेट (घोट्याशी जागा वाढवणारा तिकोनी भाग), साईझ तीन आहेत, घेरात ५६, ६४ आणि ७२ टाके.

आधी चांगलं सांगते. चार्ट, म्हणजे टाक्यांचा चौकटीतला नकाशा, मोठा आणि स्वच्छ आहे, डोळे बारीक करावे लागत नाहीत, आणि चार्ट न वाचणाऱ्यांसाठी ओळ न ओळ शब्दांतही लिहिलीये. पानांची डिझाईन दोन-तीनदा विणली की पाठ होते, गप्पा मारत विणता येतं. टाच वळवायचा भाग तर इतका सोपा करून सांगितलाय की पहिल्यांदा मोजा करणारीलाही जमेल. लिखाणाला पूर्ण मार्क.

आता मापाचं. पॅटर्नमध्ये माप एकाच जागी घ्यायला सांगितलंय, पंजाच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर, बस. माझा घेर ९ इंच. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान लागतो, नाहीतर ढिला पडून बुटात गोळा होतो, म्हणजे ८.१ इंच, आणि गेज, म्हणजे एका इंचात किती टाके बसतात ते, इंचाला ८ टाके, म्हणजे ६५च्या आसपास. मधली साईझ ६४, डोळे मिटून घेतली. इथवर गणित एकदम बरोबर होतं हो.

मोजा घातला आणि घोट्याच्या वळणावरच अडकला. दोन्ही हातांनी ओढून चढवला तेव्हा बघितलं तर वरची जाळी इतकी ताणलेली की पानांमधून कातडी दिसतेय, आणि मागची टाचेची पट्टी सरकून निम्मी तळव्याखाली आलेली. घरात चार फेऱ्या मारल्या तर वरची रिब, म्हणजे काठाची ताणणारी उभ्या रेघांची वीण, खाली यायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं माझा हात घट्ट पडला असेल, म्हणून गेज परत मोजलं, तर तेही बरोबर. (पॅटर्नमध्ये गेज मोजायचा छोटा नमुना सपाट विणायला सांगितलाय, तसं करू नका, मोजा गोल विणणार तर नमुनाही गोलच विणा, कारण उलट ओळी बऱ्याच जणींच्या सैल येतात आणि गोल विणताना त्या ओळी नसतातच. इंचाला अर्धा टाका किरकोळ वाटतो पण ६४ टाक्यांत अर्ध्या इंचाचा फरक पाडतो.)

मग लक्षात आलं की माझा पंजा चारचौघींसारखा आहे पण पायाचा वरचा उंचवटा जास्त आहे. टेप टाचेच्या मागच्या टोकापासून तिरका वर घोट्याच्या वळणावर आणून परत टाचेला नेला तर १३ इंच भरले. पाय आत जाताना मोज्याला या जागेतून जावं लागतं आणि पॅटर्नला ही जागा माहीतच नाही! पंजावर ९ इंच असलेल्या दोघींचा इथला घेर एकच असेल असं कुणी सांगितलं?

जागा तिथेच वाढवायची, सगळीकडे नाही. ७२ टाक्यांची साईझ घेतली असती तर उंचवटा बसला असता पण पंजा आणि पोटरी दोन्हीकडे मोजा लोंबला असता. उपाय टाचेच्या पट्टीत आहे. पट्टी ३२ टाक्यांवर ३२ ओळींची, प्रत्येक ओळीतला पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा, त्याने कडेला साखळी तयार होते, दोन ओळींना एक कडी, म्हणजे १६ कड्या, आणि टाच वळवून झाली की त्याच कड्यांतून दोन्हीकडे सोळा-सोळा टाके उचलायचे. वळवलेल्या टाचेचे १८, वरचे ३२, उचललेले ३२, एकूण ८२. तिथे मोज्याचा घेर झाला सव्वादहा इंच. मी पट्टी ४० ओळींची केली, कड्या २०, तर एकूण ९०, घेर सव्वाअकरा. एक अख्खा इंच मिळाला आणि पंजाच्या टाक्यांना हातसुद्धा लावला नाही. पायजम्याला कळी घालतात ना, गसेट म्हणजे तेच काम, कळी मोठी केली की बसता-उठता ओढ पडत नाही.

दुसऱ्यांदा विणला तेव्हा घोट्याला अगदी मस्त बसला, मी खूश, आणि मग बोटांशी पोचले तर मोजा पुढे लोंबतोय. आता इथे मला खरंच राग आला. पॅटर्नमध्ये लिहिलंय की गसेट संपल्यावर ५० फेऱ्या विणा आणि मग बोटांचे टाके कमी करायला घ्या. पण माझं गसेट आता ९० वरून ६४ वर यायला १३ वेळा टाके कमी करतंय, दर दुसऱ्या फेरीला दोन, म्हणजे २६ फेऱ्या, मूळ पॅटर्नमध्ये ८२ वरून ९ वेळा, १८ फेऱ्या. या ८ फेऱ्या जास्तीच्या, वर पॅटर्नच्या ५० मी इमानदारीत मोजून विणल्या, मग लांब होणार नाही तर काय. लांबी फेऱ्यांत सांगायचीच नसते, टाचेच्या मागच्या टोकापासून इंचात सांगायची, एका वाक्याचं काम होतं. माझं पाऊल साडेनऊ इंच, मोजा ताणला जातो म्हणून ९ धरला, बोटांचा भाग जेमतेम पावणेदोन ते दोन इंच, म्हणजे ७ इंचावर बोटांना सुरुवात. हे मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलंय, जाड अक्षरात.

बोटांबद्दल थोडक्यात. पॅटर्न १६ टाके उरेपर्यंत कमी करायला लावतो, त्याने टोक निमुळतं होतं आणि माझी करंगळी कोंबल्यासारखी होते. मी २४ उरल्यावरच थांबले आणि बारा-बारा टाके सुईने शिवून टाकले. बोटं चौकोनी असणाऱ्यांनी हे करून बघाच.

अजून एक बारीक गोष्ट, गसेट सुरू होतं त्या कोपऱ्यात भोक पडतं. पॅटर्न म्हणतो कड्या तेवढेच टाके उचला. मी दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्तीचा उचलला आणि पुढच्याच फेरीत शेजारच्यासोबत विणून टाकला, हिशोब जिथल्या तिथे आणि भोक गायब. वरची रिब मात्र आहे तशी छान आहे, फक्त टाके घालताना एक नंबर मोठी सुई घ्या, नाहीतर कड अशी घट्ट होते की संध्याकाळी पायावर वळ दिसतो.

बहिणीसाठी पण हाच करायला घेतलाय आणि तिची गोष्ट नेमकी उलटी. पाऊल बारीक, टाच अरुंद, उंचवटा जवळजवळ नाहीच. ५६ तिला घट्ट, ६४ ढिला, आणि मधे काही नाही कारण पानांची डिझाईन ८ टाक्यांची आहे म्हणून साईझ आठ-आठनेच उडी मारतात, म्हणजे थेट एका इंचाची उडी. पण तळव्याला डिझाईन कुठेय? तिथे साधं सुलट आहे. म्हणून वरचे ३२ तसेच ठेवले आणि गसेट कमी करताना तळव्याला ३२वर न थांबता २८वर आणलं, एकूण ६०, साडेसात इंच. पानं जशीच्या तशी. पट्टीही तिच्यासाठी २८ ओळींचीच ठेवली. हे डिझायनरला सुचलं नसेल असं मला वाटत नाही, लिहायचा कंटाळा केला असावा.

घ्यावा का? डिझाईन आवडत असेल आणि मोजे आधी केलेले असतील तर घ्या, विणायला मजा येते. पहिलाच मोजा असेल तर नका घेऊ, किंवा घेतलात तर टाचेचं तिरकं माप घेतल्याशिवाय सुईला हात लावू नका, आणि टाच वळवली की टाके जाड दोऱ्यावर काढून पायात घालून बघा, पाच मिनिटं लागतात, मी आळस केला म्हणून अख्खा मोजा उसवला. पाचपैकी साडेतीन. तो दीड माप लिहायच्या आळसाचा कापलाय.

माझा पहिला मोजा आता पायात फिट आहे. दुसरा सुईवर आहे, पट्टीच्या ४० पैकी २६ ओळी झाल्यात, आणि उसवलेली लोकर धुवून वाळवूनही थोडी कुरळीच राहिलीये त्यामुळे टाके जरा वाकडे दिसतायत, बहुतेक मोजा धुतल्यावर बसतील.