कोरियन रेड जिनसेंग: शिमग्यापासून गणपतीपर्यंतचा अनुभव

जिनसेंग म्हणजे ताकद-तरतरीसाठी घेतात ते एका वनस्पतीचं मूळ. आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. दुपारची मरगळ थोडी कमी झाली. बाकी जाहिरातीत सांगतात त्यातलं काही झालं नाही. किंमत बघता पदरचे पैसे घालून मी दुसरी बाटली घेणार नाही. पण एवढंच वाचून कुणी घेऊ नका आणि टाळूही नका, कारण मी घेतलं ते आणि तुमच्या हातात पडेल ते एकच असेल याची खात्री नाही.

माझी बाटली नणंदेच्या मुलीने आणली. शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करून कोरियाला पोस्ट-डॉकला जाणं आता कोल्हापुरात नवलाईचं राहिलेलं नाही, आणि तिकडून येताना प्रत्येकाच्या बॅगेत फेसपॅक आणि जिनसेंग असतंच. गोळी नव्हे, अर्क. घट्ट, काळपट तपकिरी, सोबत इवलासा चमचा. चमचा वर उचलला की तार धरतो. वास पावसाने भिजलेल्या मुळांचा. चव म्हणाल तर गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला लागून करपलेली काकवी. आधी कडू, मग घशात उशिरा येणारा गोडवा. कोमट पाण्यात ढवळून घ्यायचं. मध घालून बघितला, त्यापेक्षा कडूच बरं.

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे चमचा तोंडात घालण्याआधी लेबल वाचायची खोड. लेबलवर तीन गोष्टी होत्या: वनस्पतीचं शास्त्रीय नाव पॅनॅक्स जिनसेंग, मूळ सहा वर्षांचं, आणि आरजी-१, आरबी-१ व आरजी-३ या तीन घटकांची मिळून मिलिग्रॅममधली मात्रा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जिनसेंगच्या मुळात जिनसेनोसाइड नावाची सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस आणणारी संयुगं, असतात (आरजी-१ वगैरे त्यातलीच), आजवर शंभराहून जास्त प्रकार वेगळे केलेत. टोकियोच्या शोजी शिबाता यांनी १९६० च्या दशकात त्यांच्या रचना उलगडायला घेतल्या आणि तिथून पुढे या मुळावरचं संशोधन ऐकीव गुणांवरून रेणूंवर आलं. मूळ नुसतं वाळवलं तर पांढरं जिनसेंग. न सोलता वाफवून वाळवलं तर लाल. वाफेच्या उष्णतेने जिनसेनोसाइडला चिकटलेले शर्करेचे तुकडे गळतात आणि ताज्या मुळात जवळपास नसलेली आरजी-३, आरजी-५, आरके-१ अशी संयुगं तयार होतात. म्हणजे एकाच शेतातल्या दोन मुळांपासून रसायनशास्त्राच्या हिशेबाने दोन निराळ्या वस्तू होतात.

वर्गात दाखवायला म्हणून चिमूटभर अर्क परीक्षानळीत पाणी घालून जोरात हलवला. फेस आला आणि बराच वेळ टिकला. पोरं खूश! मग दुसऱ्या नळीत रिठ्याचं पाणी हलवलं, त्याचा फेस याहून जास्त. फेसावरून सॅपोनिन आहे एवढंच कळतं, जिनसेंग आहे की नाही ते कळत नाही. घरच्या घरी शुद्धता तपासा म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांची ही एवढीच लायकी.

आता आपल्या गावात जिनसेंग या नावाखाली काय काय मिळतं ते बघा. मेडिकलमध्ये मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूल मिळतात, वर मोठ्या अक्षरात ‘विथ जिनसेंग’. मागच्या वर्षी मी घेत होते तिच्यात मूळ होतं ४२.५ मिलिग्रॅम. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधींवरच्या तज्ज्ञ समितीने सुचवलेली मात्रा दिवसाला १ ते २ ग्रॅम मुळाची, आणि तीही सलग तीन महिन्यांपर्यंतच. हिशेब तुम्हीच करा. महाद्वार रोडला एका दुकानदाराने अश्वगंधाचं चूर्ण पुढे केलं, “वहिनी, हे आपलं देशी जिनसेंगच की.” अश्वगंधा चांगली की वाईट हा वेगळा विषय, पण ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली, तिच्यात विथॅनोलाइड असतात, जिनसेनोसाइड औषधालाही नाही. सायबेरियन जिनसेंग निदान त्याच कुळातलं, पण वंश वेगळा, आणि जिनसेनोसाइड त्यातही नाहीत. कहर म्हणजे नर्सरीत मिळणारं ‘जिनसेंग बोन्साय’. गलेलठ्ठ मुळांचं ते झाड म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, आपल्या वडा-पिंपळाचा भाऊबंद. आमच्या शेजारच्या काकू त्याचं मूळ किसून चहात घालायच्या बेतात होत्या.

अनुभवाकडे येते. सुरुवातीला संध्याकाळी घेत होते आणि रात्री दीड-दोनपर्यंत टक्क जागी. निद्रानाश हा जिनसेंगचा नेहमी नोंदला जाणारा दुष्परिणाम आहे. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लागले तशी झोप जागेवर आली. पहिला महिना काही म्हणजे काही जाणवलं नाही. त्यानंतर कधीतरी लक्षात आलं, की शेवटच्या तासाला येणारी पेंग कमी झालीय, पेपर तपासताना मान टाकत नाही. रक्तदाब होता तसाच, उपाशीपोटीची साखर होती तशीच, केस गळायचे ते गळतातच. जूनला कॉलेज सुरू झाल्यावर मुद्दाम बंद केलं, श्रावणात परत सुरू केलं. बंद असतानाही तरतरी फारशी गेली नाही. तेव्हा हा गुण अर्काचा, की उन्हाळ्याच्या सुट्टीचा, की महागडं काहीतरी घेतोय या समाधानाचा, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पाणी देऊन स्वतःला फसवायचं म्हटलं तर चवच चुगली करते. शास्त्रीय चाचण्यांत मूळ कॅप्सूलमध्ये भरून देतात ते काही उगाच नाही.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला, शिफ्टची नोकरी. त्याच बाटलीतला अर्क, तोच चमचा. त्यांना दुसऱ्याच आठवड्यात ‘एकदम फ्रेश’ वाटायला लागलं. एकाच घरात असा फरक का, याचं एक कारण पोटात सापडतं. आरबी-१ सारखा मोठा रेणू आतड्यातून नीट शोषला जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याच्या शर्करा एकेक करून तोडतात, शेवटी ‘कंपाउंड के’ उरतं आणि ते रक्तात उतरतं. हे काम करणारे जिवाणू कुणाच्या पोटात भरपूर, कुणाच्या नावाला. ह्यांच्या पोटात कोणते आहेत ते मी तपासायला गेले नाही. तांबड्या रश्श्यावर वाढलेले असणार एवढं नक्की.

चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण बाकीच्या रिव्ह्यूत ‘संशोधनाने सिद्ध’ एवढंच लिहितात. थकव्यावरचं मला पटलेलं काम कॅन्सरच्या रुग्णांवरचं आहे, २०१३ साली प्रसिद्ध झालेलं: ३६४ जण, रोज २००० मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंग किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. चौथ्या आठवड्यात दोन गटांत ठोस फरक नाही, आठव्यात दिसला. म्हणजे आठ दिवसांत गुण येतो असं सांगणाऱ्याला बाजूला ठेवा. आणि ते अमेरिकन मूळ, माझ्या बाटलीतलं नव्हे. कोरियन मुळात आरएफ हे जिनसेनोसाइड असतं, अमेरिकनमध्ये नसतं. उलट अमेरिकनमधलं स्यूडोजिनसेनोसाइड एफ-११ कोरियनमध्ये नसतं. प्रयोगशाळा दोघांतला फरक त्यावरूनच ओळखते. स्मरणशक्तीबद्दल २०१० च्या कोक्रेन आढाव्याला (कोक्रेन ही झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) निरोगी माणसांत खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. पुरुषांच्या ज्या तक्रारीसाठी हे सगळ्यात जास्त खपतं, तिथेही २०२१ च्या कोक्रेन आढाव्याने परिणाम नगण्यच धरला. त्यामुळे रंकाळ्यावर गाडी लावून ‘कोरियन पॉवर’ विकणाऱ्यांकडे नुसतं बघा आणि पुढे चला.

माझा भाचा तालमीत असतो. बाटली बघून त्याचे डोळे चमकले.

“आत्ती, ह्यानं दम वाढतोय म्हणत्यात. खरं हाय काय?”

“कोण म्हणतंय?”

“तालमीतली पोरं. रील आलंय.”

त्याला १९९७ चा एक प्रयोग सांगितला. ३६ निरोगी पुरुष, रोज २०० किंवा ४०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क, आठ आठवडे, आणि शेवटी दमछाक होईपर्यंत सायकल मारायची. खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा काहीही जास्त नाही. तो म्हणाला, “मग दूध कट्टाच बरा.” त्या पैशात म्हशीचं धारोष्ण दूध किती दिवस मिळेल याचा हिशेब त्याने उभ्याउभ्या केला आणि तो मला बिनतोड वाटला.

एका बाबतीत मात्र मी घरात कडक राहिले. सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन घेतात आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासतात. ‘मलाही दे की चमचाभर’ म्हणून मामा मागे लागले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना वॉरफॅरिनसोबत अमेरिकन जिनसेंग दिलं तर औषधाचा प्रभाव कमी झालेला दिसला. झडपेवर गुठळी धरायला तेवढं पुरू शकतं. बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. टोरांटोच्या २००० सालच्या प्रयोगात साखर प्यायच्या ४० मिनिटं आधी ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग दिल्यावर जेवणानंतर चढते तशी रक्तातली साखर कमी चढली. ऐकायला छान आहे, पण गोळीचा जोर आणि मुळाचा जोर एकत्र आला तर चक्कर येऊन पडायची वेळ.

महाग का, याचं उत्तर वनस्पतीतच आहे. पानझडी जंगलाच्या सावलीतलं, थंडी मागणारं, वर्षानुवर्षं जगणारं रोपटं. बी पिकून पडतं तेव्हा आतला भ्रूण अर्धवटच असतो. उबेचा काळ, मग थंडीचा, असं करत कोंब यायला दीड वर्षही जातं. पहिल्या वर्षी तीन पर्णिकांचं एकच पान. दर हिवाळ्यात वरचा भाग मरतो आणि मुळाच्या मानेवर एक वण उरतो. जाणकार ते वण मोजून वय सांगतात. शेतावर सावलीचे मांडव घालावे लागतात, सहा वर्षं थांबावं लागतं, आणि एकदा पीक काढलं की मूळकुजीमुळे तीच जमीन पुढची कित्येक वर्षं परत लावता येत नाही. आपल्या उसाच्या शेतकऱ्याला हे गणित सांगितलं तर तो हात जोडेल. जंगलातलं मूळ ओरबाडल्यामुळे अमेरिकन जिनसेंगच्या निर्यातीवर १९७५ पासून साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. सह्याद्रीत कॅन्सरच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपायी नरक्याची झाडं कशी तोडली गेली ते आठवणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर पुड्यावर शास्त्रीय नाव आणि जिनसेनोसाइडची मिलिग्रॅममधली मात्रा शोधा. दोन्ही नसेल तर परत ठेवा. सकाळी घ्या, दोन महिने देऊन बघा, तीन महिन्यांनी थांबा. आणि सततचा थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. तिन्हीचा खर्च मिळूनसुद्धा या बाटलीहून कमी येतो. माझी बाटली गणपतीत संपली. ह्यांनी भाचीला दुसरीची ऑर्डर देऊन ठेवलीय, पैसे त्यांच्या ओव्हरटाइममधून.