रोमिओ-ज्युलिएटचं मूळ वाचायचंय? दा पोर्तो की ब्रुक?

ही गोष्ट शेक्सपिअरने रचली नाही, आयती उचलली. नाटक बसवायला घेण्याआधी मुळाकडे जायचं तर दोन नावं समोर येतात: इटलीतल्या विचेंझाचा कथालेखक लुइजी दा पोर्तो आणि इंग्रज कवी आर्थर ब्रुक. मासुच्चो या इटालियन लेखकाची १४७६ ची कथा याहून जुनी आहे. पण ती सिएना शहरात घडते आणि तिच्यात दोन घराण्यांचं वैरच नाही. ती सोडली तरी चालेल.

दा पोर्तोची कथा १५३० च्या सुमाराला छापली गेली. एका बैठकीत वाचून होते. व्हेरोना शहर, तिथला शासक बार्तोलोमेओ देल्ला स्कालाचा अंमल, माँतेक्की आणि कॅपेलेत्ती ही वैरी घराणी, ही सगळी मांडणी त्याची. घराण्यांची ही दोन नावं त्याआधी इटालियन कवी दान्तेच्या एकाच ओळीत येऊन गेली होती. खरी चटका लावणारी जागा शेवटी आहे. ज्युलिएट शुद्धीवर येते तेव्हा रोमिओने विष घेतलेलं असतं, पण तो अजून जिवंत असतो! दोघं बोलतात, तो तिच्यासमोर मरतो, आणि मग ती श्वास रोखून प्राण सोडते. नाटकातला खंजीर इथे नाहीच.

ब्रुकचं १५६२ चं काव्य तीन हजार ओळींचं, त्यात एकसुरी. प्रस्तावनेत तो आईबापांचं न ऐकणाऱ्या प्रेमिकांना झोडपतो आणि पुढे काव्यात त्यांच्याच बाजूने हळहळतो. पण शेक्सपिअरच्या टेबलावर होतं ते हेच. बडबडी, पैसे घेणारी ज्युलिएटची दाई इथलीच. नाटकातला रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मात्र इथे मेजवानीत ज्युलिएटचा हात धरणारा, बर्फासारख्या थंड हातांचा एक पाहुणा. त्यापलीकडे त्याला काही काम नाही. महिनोन्महिने चालणारी गोष्ट शेक्सपिअरने चार-पाच दिवसांत कोंबली. ज्युलिएटचं वयही उतरत गेलं: दा पोर्तोकडे अठरा, ब्रुककडे सोळा, नाटकात चौदाही पुरी नाहीत.

नुसत्या वाचनसुखासाठी दा पोर्तो घ्या. दिग्दर्शन करणार असाल तर जांभया देत का होईना, ब्रुकच वाचा. नाटकाची संहिता शेजारी ठेवलीत की शेक्सपिअरने कात्री कुठे चालवली ते लख्ख दिसतं.

नेपथ्यकारांसाठी एक सांगतो. व्हेरोनातल्या 'ज्युलिएटच्या घरा'ची बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे, आणि शेक्सपिअरच्या संहितेत फक्त वरची खिडकी आहे. बजेट तोकडं असेल तर बाल्कनीवर खर्च करू नका.